रोज बसता तसं बसा

फिजिओथेरपिस्टकडे पहिल्यांदा गेले तेव्हा तिने कुठे दुखतंय हे विचारायच्या आधी एक साधी बिनहाताची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, मॅडम, ऑफिसमध्ये रोज बसता तसं बसून दाखवा जरा. माझ्यापेक्षा बरीच लहान मुलगी. मी बसले. पाठ ताठ, पाय जमिनीवर, हात मांडीवर. ती हसली, म्हणाली, असं नाही हो, रोज बसता तसं. मग मी थोडी सैल झाले. ती म्हणाली, असं बसणाऱ्याची कंबर दुखत नाही, खरं दाखवा. मग मी पुढे सरकून बघितलं, एक पाय वर घेऊन बघितलं, कोपर गुडघ्यावर टेकवून बघितलं, आणि दर वेळी हे आपण काहीतरी बनवून दाखवतोय हे माझं मलाच कळत होतं. शेवटी तिनेच विषय सोडला, पालथं झोपायला सांगितलं आणि कंबरेत अंगठा रुतवून इथे का इथे, इथे का जरा खाली, असं विचारत पुढे निघाली.

पण ते माझ्या डोक्यात राहिलं. अख्खा दिवस मी जी गोष्ट करते, वर्षानुवर्षं करतेय, ती करून दाखव म्हटल्यावर मला येईना. सही करून दाखवता येते, चालून दाखवता येतं, गाडी रिव्हर्स घेऊन दाखवता येते. बसणं मात्र कुणी बघतंय म्हटलं की लगेच बदलतं. आणि बघणारं दुसरं कुणी असायलाच हवं असंही नाही, आपलं आपण लक्ष दिलं तरी बदलतं. आत्ता हे वाचता वाचता तुम्हीसुद्धा खांदे थोडे मागे घेतले असणार.

घेतलेत ना?

लहानपणी 'पोक काढून बसू नकोस' हे मी इतक्यांदा ऐकलंय की ते वाक्य आता आईच्या आवाजाशिवाय ऐकूच येत नाही. अभ्यासाला बसलं की ती मागून यायची आणि दोन खांद्यांच्या मधोमध दोन बोटं टेकवायची, बोलायची पण नाही, आणि पाठ आपोआप सरळ व्हायची. ती गेली की पाठ पुन्हा होती तिथे. वाकून बसणारी मुलगी म्हणजे आळशी, मरगळलेली, आणि ताठ बसणारी म्हणजे वळण असलेली, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. त्यामुळे काय झालंय, की कंबर दुखायला लागली की दुखण्याच्या आधी अपराधी वाटतं. कुणाला सांगायला जावं तर समोरून पहिलं वाक्य हेच येतं, तू नीट बसत नसशील. ताप आलेल्या माणसाला आपण असं काही पटकन म्हणत नाही, पाठदुखीवाल्याला मात्र बिनदिक्कत म्हणतो. आता २०२० साली जगभरात अंदाजे ६१.९ कोटी लोकांची कंबर दुखत होती म्हणे, म्हणजे एवढ्या सगळ्यांना काय वळणच नव्हतं का.

माझं दुखणं तसं काही थोर नव्हतं. उसण भरली, अंथरुणावरून उठता येईना, असलं नाही. कंबरेच्या खालच्या भागात, उजवीकडे जरा जास्त, एक बारीक ठसठस, जी अकराच्या सुमाराला आहे की नाही अशी वाटते आणि चार वाजता नक्की असते. मीटिंग संपली की टेबलावर दोन्ही हात रेटून उठायचं, पहिली काही पावलं वाकूनच टाकायची, कुणी बघत नाहीये ना ते बघायचं, आणि दारापर्यंत पोचेतो अंग सरळ करायचं. बाहेरून काही दिसत नाही. त्यामुळे रजा मागायची सोय नाही आणि कुणाची सहानुभूतीही नाही. रात्री पाठ टेकली की पहिली दोन मिनिटं जी कळ येते ना, आणि मग ती हळूहळू गादीत उतरत जाते, तो मला दिवसातला सगळ्यात बरा वेळ वाटायला लागला होता, हे सांगताना जरा विचित्रच वाटतंय.

त्या मुलीने मला एक प्रयोग करायला लावला, तो कुणीही करून बघावा. कडक खुर्चीवर बसायचं आणि तळवे वरच्या बाजूला करून दोन्ही हात बुडाखाली सरकवायचे. दोन हाडं तळव्यात चांगली टोचतात, ती आपली बैठकीची हाडं. आता तसेच हात ठेवून पाठ सोडून द्या, मस्त पोक काढा. ती हाडं बोटांच्या दिशेने पुढे घसरतात आणि वजन मागे माकडहाडाकडे जातं. म्हणजे आपल्याला दिसते वाकलेली पाठ, खांदे, पुढे आलेली मान, पण सुरुवात खाली झालेली असते, पेल्व्हिस, म्हणजे कंबरेखालचा हाडांचा कटोरा, मागे कलला की त्याच्यावरच्या मणक्यांना वाकण्यावाचून इलाजच नसतो. आता पुन्हा सरळ बसा, हात तिथेच, आणि पाय टेबलाखाली लांब सोडा. बघा, हाडं परत घसरायला लागतात. कारण मांडीच्या मागचे जे लांब स्नायू आहेत, हॅमस्ट्रिंग, ते वर याच बैठकीच्या हाडांना जोडलेले आहेत, गुडघा सरळ झाला की ते ताणले जातात आणि पेल्व्हिसला मागे ओढतात. मला हे कळल्यावर इतका राग आला. इतकी वर्षं सगळे खांदे मागे घे, खांदे मागे घे करत होते आणि पायांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

खांदे मागे घेऊन माणूस किती वेळ बसू शकतो? मी बसून बघितलंय. पुढची ईमेल येईपर्यंत.

मग मी वाचायला लागले, दुखणं असलं की माणूस वाचतोच. १९६०च्या दशकात स्वीडनमधल्या नॅकेमसन नावाच्या ऑर्थोपेडिक सर्जनने जिवंत माणसांच्या कंबरेतल्या डिस्कमध्ये, म्हणजे मणक्यांच्या मधल्या गादीत, सुई घालून आतला दाब मोजला होता. उभं राहिल्यावर जो दाब असतो त्यापेक्षा बसल्यावर साधारण ४० टक्के जास्त, असा हिशोब निघाला आणि पुढची कितीतरी वर्षं 'बसणं वाईट' याला तो पुरावा म्हणून दाखवला गेला. मग १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि मंडळींनी एकाच निरोगी माणसाच्या डिस्कमध्ये सेन्सर बसवून त्याला दिवसभर उभं केलं, बसवलं, चालवलं, झोपवलं, शिंकायला लावलं. त्यात उभं असताना ०.५० मेगापास्कल (हे दाब मोजायचं माप) आणि आधार न घेता बसल्यावर ०.४६, म्हणजे उलट जरासा कमीच. आणि खुर्चीत मागे रेलून ऐसपैस पसरल्यावर त्याहूनही कमी. तो आकडा वाचून मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही, आईला फोन करून सांगावंसं वाटलं. पण त्याच तक्त्यात पुढे होतं की बसून पूर्ण पुढे वाकलं की दाब ०.८३ वर जातो. म्हणजे मागे रेललेला निवांत माणूस एक आणि कीबोर्डवर ओणवा झालेला माणूस दुसरा, आपण दोघांनाही वाकडं बसतोस म्हणून एकाच मापाने झोडपतो. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला उभं-बसलेलं असताना काढता येणाऱ्या एमआरआय मशीनमध्ये २२ जणांना वेगवेगळ्या प्रकारे बसवून बघितलं होतं, तिथेही काटकोनात ताठ बसण्यापेक्षा मांडी आणि पाठ यांच्यात १३५ अंशांचा कोन ठेवून मागे रेलणं डिस्कच्या दृष्टीने बरं निघालं. आता १३५ अंशांत रेलून एक्सेल शीट कशी भरायची ते त्यांनी सांगितलं नाही.

डिस्क ही वस्तू मला त्याआधी नीट माहीतच नव्हती. मणक्यांच्या मधली गादी, एवढंच. अशा २३ गाद्या असतात, आणि मोठेपणी त्यांच्या आत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. मग त्या जगतात कशावर? आजूबाजूने जे झिरपेल त्यावर. दाब आला की पाणी बाहेर, दाब गेला की आत, स्पंजसारखं. आपण उभे-बसलेले असताना दिवसभर हळूहळू पाणी बाहेर जातं, रात्री आडवे झालो की परत भरतं, त्यामुळे सकाळी आपण रात्रीपेक्षा एखाद सेंटिमीटर उंच असतो. त्या विल्केवाल्या प्रयोगात रात्रभराच्या झोपेत डिस्कमधला दाब ०.१० वरून ०.२४ झाला होता, माणूस नुसता झोपलेला असताना. म्हणजे सकाळी उठतो तेव्हा या गाद्या टम्म फुगलेल्या असतात आणि तेव्हाच आपण बेसिनवर वाकतो, मोजे घालायला वाकतो, कुणी कुणी तर उठल्या उठल्या पायाचे अंगठे धरायला जातं आणि त्याला व्यायाम म्हणतं. १९९८ साली स्नूक नावाच्या संशोधकाने कंबरदुखीवाल्या लोकांना सकाळी उठल्यानंतर सुरुवातीचा काही काळ पुढे वाकणं टाळायला सांगितलं होतं, बाकी काही नाही, आणि त्यांचं दुखणं कमी झालं होतं. हे मला सगळ्यात पटलं, कारण यात काही करायचंच नाहीये, फक्त करायचं नाहीये. आता मी ब्रश करताना एक हात बेसिनच्या कडेला टेकवते आणि मोजे आंघोळ-बिंघोळ सगळं उरकून शेवटी घालते, पाय खुर्चीवर घेऊन.

यातून एक गोष्ट मात्र कळली, की या गादीला ताठपणाशी काही देणंघेणं नाही, तिला दाब बदलता हवा. उत्तम बसण्यात सुद्धा तीन तास गेले तर तिच्या दृष्टीने ते तीन तास एकाच जागीच गेले.

इथे एक विषय निघालाच आहे तर, 'गॅप'. मणक्यात गॅप आहे. हा शब्द ऐकल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते बघितलंय का? माझी एक मैत्रीण, धडधाकट, भराभर जिने चढणारी, तिची कंबर धरली म्हणून एमआरआय केला, रिपोर्टात डिस्क बल्ज, म्हणजे गादी जरा बाहेर फुगलेली, वगैरे लिहून आलं आणि त्या दिवसापासून ती वाकायचीच थांबली. खाली पडलेलं पेन दुसऱ्याला उचलायला सांगते. आता १९९४ साली कंबर अजिबात दुखत नसलेल्या ९८ लोकांचे एमआरआय काढून बघितले होते, त्यातल्या ५२ टक्के लोकांना कुठेतरी बल्ज होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. पुढे २०१५ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तर काहीही त्रास नसलेल्या विशीतल्या माणसांमध्येसुद्धा ३७ टक्के लोकांच्या डिस्क झिजायला लागलेल्या दिसतात, आणि ऐंशीच्या माणसांत ९६ टक्के. म्हणजे केस पांढरे होतात तशातलाच तो प्रकार, बऱ्याचदा. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, तुला काय जातंय बोलायला, तुझा रिपोर्ट आलाय का. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण माझा काढलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर काढायची मला भीती वाटते, हे आकडे तोंडपाठ असूनसुद्धा.

स्ट्रेचिंगचं म्हणाल तर मला त्या मुलीने अगदी थोडं दिलं, आणि मी त्यातलंही सगळं करत नाही. सगळ्यात उपयोगी पडलं ते सगळ्यात बावळट दिसणारं. उभं राहायचं, पाय खांद्याइतके लांब, दोन्ही तळवे कंबरेच्या खालच्या खोबणीत ठेवायचे, बोटं खाली, आणि गुडघे न वाकवता हळूहळू मागे झुकायचं, दोन सेकंद थांबून परत. असं पाच-सात वेळा. पहिल्या वेळी अंग मागे जातच नाही, आत काहीतरी गंजल्यासारखं अडतं, चौथ्या-पाचव्याला जरा मोकळं होतं. याच्यामागची गोष्ट मला फार आवडते. १९५६ मध्ये न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाचा एक तरुण फिजिओ होता, त्याने एका पेशंटला खोलीत जाऊन पालथं झोपा म्हणून सांगितलं. आधीच्या पेशंटसाठी पलंगाची डोक्याकडची बाजू वर उचललेली होती, ती कुणी खाली केली नव्हती, आणि हा बापडा तसाच त्याच्यावर पालथा पडला, कंबर चांगली मागे मोडून. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे ही अगदी वाईट अवस्था. मॅकेन्झी थोड्या वेळाने येऊन बघतो तर दचकलाच, आणि पेशंट म्हणतोय पायातली कळ गेली की हो, बऱ्याच दिवसांनी बरं वाटतंय. पुढे त्यातून एक अख्खी उपचारपद्धत उभी राहिली. त्यातली एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: कुठलाही व्यायाम करताना दुखणं पायाकडून वर कंबरेत गोळा व्हायला लागलं तर बरं लक्षण, आणि कंबरेतून खाली पायात उतरायला लागलं तर तो व्यायाम तिथेच थांबवायचा. आणि हे मागे झुकणं सगळ्यांना मानवतं असंही नाही. वय झालेल्या, मणक्यातली नळी अरुंद झालेल्या लोकांना उलट पुढे वाकल्यावर बरं वाटतं आणि मागे झुकलं की पाय भरून येतात. त्यामुळे मला बरं वाटलं म्हणून मी कुणाच्या वडलांना हे करायला सांगत नाही.

दुसरा जो मी करते तो मांडीच्या वरच्या, जांघेतल्या स्नायूंचा. सोअस नावाचा एक जाड स्नायू कंबरेच्या मणक्यांपासून निघून पोटाच्या आतून, जांघेतून खाली मांडीच्या हाडाला येऊन लागतो. बसलेलं असताना तो आखूड होऊन पडलेला असतो, तासन् तास, आणि आपण उठायला गेलो की तो लगेच लांब व्हायला तयार नसतो, ती पहिली वाकलेली पावलं बरीचशी याचीच. एक गुडघा जमिनीवर, खाली उशी किंवा घडी केलेला टॉवेल, दुसरं पाऊल पुढे काटकोनात. इथे सगळे, मी सुद्धा, धाडकन पुढे झुकतात आणि कंबर कमानीसारखी वाकवतात, मग ताण जांघेत येतच नाही, नुसती कंबर दबते. तिने सांगितलं, पुढे जाऊच नका, आधी ज्या बाजूचा गुडघा खाली आहे त्या बाजूचं बूड घट्ट आवळा, पोट किंचित आत. नुसतं आवळलं आणि काहीच न हलता जांघेच्या पुढच्या बाजूला, पार खोल, एक ओढ लागली. वीस-तीस सेकंद, श्वास चालू ठेवायचा, हिसके द्यायचे नाहीत. ताण जाणवावा, कळ येऊ नये. बाकी मग मार्जरासन, गुडघे-हात टेकून पाठ वर-खाली करायची, ते झोपायच्या आधी करते, खुर्चीत बसल्या बसल्या एका गुडघ्यावर दुसरी पोटरी ठेवून पाठ सरळ ठेवत पुढे झुकायचं, ते बुडातल्या स्नायूंसाठी, ते फोनवर बोलताना होऊन जातं. आणि फारच दुखत असेल तर जमिनीवर आडवं पडून पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या, गुडघे काटकोनात, आणि पडून राहायचं दहा मिनिटं. ह्याला व्यायाम म्हणायला लाज वाटते पण इतकं बरं दुसऱ्या कशानेच वाटत नाही.

टेबलाचं जे काही करायचं ते सगळ्यांना माहितीये, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, कोपरं अंगाजवळ, पाय पूर्ण टेकलेले, कंबरेच्या खोबणीत छोटा गुंडाळलेला टॉवेल. मला एवढंच म्हणायचंय की लॅपटॉप ही मुळातच गैरसोयीची गोष्ट आहे, स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले, स्क्रीन डोळ्यांपाशी आणली तर हात वर आणि हात खाली ठेवले तर मान खाली, त्यात शहाण्यासारखं बसताच येत नाही. चार जाड पुस्तकं खाली आणि एक वेगळा कीबोर्ड, याला पर्याय नाही. आणि मागच्या खिशात जाडजूड पाकीट ठेवून त्याच्यावर बसणाऱ्या पुरुषांबद्दल मला नेहमीच कुतूहल वाटत आलंय, एक बूड वर, एक खाली, आणि आठ तास असं कसं काय बसतात.

मधे एकदा ऑफिसमध्ये कुणाचा तरी निरोपसमारंभ होता, फोटो ग्रुपवर आले. पुढे सगळे खांद्यावर हात टाकून हसताहेत आणि मागे, कोपऱ्यात, फोकसच्या बाहेर, मी. काहीतरी संपवून येतेच म्हणून बसलेली. डावा पाय बुडाखाली दुमडलेला, उजवा पाय खुर्चीच्या चाकावर, डावं कोपर टेबलावर आणि सगळा भार त्याच्यावर, हनुवटी पुढे, नाक जवळजवळ स्क्रीनला लागलेलं, पाठ तर विचारूच नका. हे, हे मला त्या दिवशी करून दाखवता येत नव्हतं. मी फोटो मोठा करून करून बघितला. आधी शरम वाटली, मग एक गोष्ट लक्षात आली, की त्या बाईचा चेहरा चांगला आहे. ती कंटाळलेली नाहीये, मरगळलेली नाहीये, कामात पार बुडालेली आहे. मागे एवढा गलका चाललाय आणि तिला पत्ताच नाही. तिचं शरीर तिचं लक्ष जिथे गेलंय तिथे निघालंय, जमेल तितकं पुढे, जेवढी खुर्ची जाऊ देईल तेवढं.

म्हणजे मग इतकी वर्षं ज्याला आळस म्हणत होतो ते हे होतं?

तेव्हापासून मी दुपारी चारच्या सुमाराला ऑफिसमध्ये मागून सगळ्यांकडे बघत असते. एक जण खुर्चीच्या अगदी टोकावर बसून टेबलावर छाती टेकवून कोड वाचतोय. एकीने दोन्ही पाय वर घेऊन गुडघ्यांवर कीबोर्ड ठेवलाय. एकाचं तोंड उघडं आहे. आणि जो ताठ, नियमाप्रमाणे, टेकून, पाय जुळवून बसलाय, तो हमखास काम करत नाहीये, तो घड्याळाकडे बघतोय. मला वाटतं आपण नीट बसत नाही याचं कारण एवढंच आहे की आपण तेव्हा तिथे नसतोच, आणि जो तिथे नाही त्याला नीट बस म्हणून सांगण्यात काय अर्थ आहे. पाठीकडे लक्ष द्यायचं तर कामातून लक्ष काढायला लागतं, आणि दोन्हीकडे एकदम लक्ष मला तरी देता येत नाही. त्यामुळे मी तो नाद सोडला. काम करताना मी त्या फोटोतल्यासारखीच बसते. फक्त उठते लवकर. त्यासाठी मोबाईलवर दर अर्ध्या तासाचा अलार्म लावून बघितला होता, तो बंद करायचं बोटांना इतकं वळण लागलं की डोक्याला कळायच्या आत ती बंद करून मोकळी व्हायची. त्यापेक्षा पाण्याची मोठी बाटली टेबलावरून काढून टाकली आणि छोटा ग्लास ठेवला, तो संपला की उठायलाच लागतं, आणि प्यायलेलं पाणी पुन्हा एकदा उठवतं. फोन आला की उभी राहते. वाचायचं असेल ते उभ्याने वाचते. उभ्याचं टेबल घेऊन दिवसभर उभं राहणाऱ्यांचे पाय आणि कंबर दुखतातच, तो काही उपाय नाही, ती दुसऱ्या प्रकारे एकाच जागी थांबण्याची सोय आहे.

आणि चालणं. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात. नुकत्याच कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ लोकांपैकी काहींना फिजिओच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणं वाढवायला सांगितलं, आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला अर्ध्या तासापर्यंत, आणि बाकीच्यांना काहीच खास नाही. निम्म्या लोकांचं दुखणं परत उलटायला काहीच न करणाऱ्यांमध्ये ११२ दिवस लागले आणि चालणाऱ्यांमध्ये २०८. कायमचं गेलं असं नाही, परत येतंच, पण उशिरा येतं. मला हा आकडा प्रामाणिक वाटला. पूर्वी कंबर धरली की आठ-आठ दिवस बेड रेस्ट सांगायचे, १९८६ मध्येच कुणीतरी तपासून बघितलं होतं की दोन दिवस झोपलेले आणि सात दिवस झोपलेले सारखेच बरे होतात, फक्त सात दिवसवाल्यांचं काम जास्त बुडतं. तरी अजून आपल्याला पहिल्यांदा झोपावंसंच वाटतं, त्याला काय करणार.

एक मात्र गंमत बाजूला ठेवून. पायातली ताकद जायला लागली, पाऊल ओढलं जायला लागलं, दोन मांड्यांच्या मधल्या भागात बधिर वाटायला लागलं, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला तर स्ट्रेचिंग करत बसायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. पडल्या-झडल्यानंतरचं दुखणं, तापाबरोबरचं दुखणं, वजन उतरत असताना होणारं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, हे पण डॉक्टरांना दाखवायचं. बाकीची आपली रोजची ठसठस बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपली आपण निघून जाते आणि वर्षात कधीतरी परत भेटायला येते.

तासाभराच्या मीटिंगला मी आता मागे भिंतीपाशी उभी असते. पहिल्यांदा सगळ्यांनी वळून बघितलं, बसा ना, खुर्ची आहे, खुर्ची आहे करून झालं, एकाने तर आणून दिली. मग सवय झाली. आता आणखी दोघं जण येऊन उभे राहतात, काही न बोलता. एक जण हळूच कंबरेवर हात ठेवून मागे झुकतो, मी बघत नाहीये असं समजून. दुसरा भिंतीला टेकून मोबाईल काढतो आणि मान पार छातीपर्यंत खाली घालून मीटिंग संपेपर्यंत बघत राहतो.